वर्कमन दाम्पत्य : सायकलीपासून सियाचेनपर्यंत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला हिमनद्यांचे प्रकरण चालू होते. मॅडमनी फळ्यावर सियाचेनचा आराखडा काढला आणि अगदी उत्तरेच्या टोकाला एक खूण करून 'इंदिरा कोल' असे लिहिले. कोल म्हणजे दोन शिखरांमधली खिंड. हे नाव कोणावरून पडले, असे त्यांनी विचारताच अर्ध्या वर्गाने एका सुरात इंदिरा गांधींचे नाव घेतले. त्यात मीही होते. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "हे नाव १९१२ सालचे आहे. इंदिरा गांधींचा जन्म १९१७ चा. नाव ठेवणारी एक अमेरिकन बाई होती आणि तिला अभिप्रेत असलेली इंदिरा म्हणजे लक्ष्मी."

तास संपला, पण ती अमेरिकन बाई काही डोक्यातून जाईना. १९१२ साली, म्हणजे आमच्या पणजीच्या काळात, एक बाई सियाचेनवर गेली कशी? आणि तिला जाऊ कोणी दिले? हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा मोठा वाटला. कारण भूगोलाच्या सहलीला एक मुक्काम करून येते, असे मी म्हटले तेव्हा आमच्या घरी तीन दिवस चर्चा चालली होती.

शोध घेतला तेव्हा कळले की ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर तिचा नवरा होता. खरे तर नवऱ्याबरोबर ती नव्हती, तिच्याबरोबर नवरा होता असेच म्हणायला हवे, कारण त्या वर्षी मोहिमेची प्रमुख ती होती. तिचे वय त्या वेळी त्रेपन्न आणि त्याचे पासष्ट. दोघांनी मिळून लिहिलेली पुस्तके आता इतकी जुनी झाली आहेत की संगणकावर ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात. माझे इंग्रजी बेताचे. शब्दकोश शेजारी ठेवून दिवाळीच्या सुट्टीत जेवढे वाचून झाले, त्याच्या आधारे हा लेख लिहीत आहे.

फॅनी बुलक हिचा जन्म ८ जानेवारी १८५९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर या गावी झाला. वडील अलेक्झांडर बुलक हे त्या राज्याचे गव्हर्नर होते. त्यामुळे घरी कशाचीच ददात नव्हती. डॉक्टर विल्यम हंटर वर्कमन वयाने तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. लग्नानंतर त्यांनीच तिला न्यू हॅम्पशायरमधल्या डोंगरांवर चढायला नेले. त्या भागात बायकांनी डोंगर चढणे हे फारसे वावगे मानले जात नव्हते, हा तिच्या नशिबाचा भाग. १८८९ च्या सुमारास डॉक्टरांची प्रकृती बिघडली, त्यांनी व्यवसाय सोडला आणि हे कुटुंब युरोपात येऊन जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी राहू लागले. प्रकृतीच्या कारणाने नोकरीधंदा सोडलेला हा मनुष्य पुढे पासष्टाव्या वर्षी हिमनदीवर चालत होता आणि नव्वदीपर्यंत जगला, हे वाचून मला जरा गंमत वाटली. दोघांच्याही वडिलांनी मागे मोठी इस्टेट ठेवली होती. पुढे जे काही घडले ते सर्व या पैशावर घडले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत येते. माझ्या मते तिला थोडी अधिक जागा मिळायला हरकत नव्हती.

युरोपात फॅनीने माँ ब्लां, युंगफ्राऊ आणि मॅटरहॉर्न ही आल्प्समधली नावाजलेली शिखरे चढली. ती चढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी ती एक. त्यांना दोन मुले होती, रेचेल आणि सीगफ्रीड. मुले बहुतेक दायांच्या आणि शाळांच्या हवाली असत. १८९३ साली सीगफ्रीड आजाराने गेला. तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यानंतर या दोघांचे घरी राहणे जवळजवळ संपलेच. दुःख विसरण्यासाठी ते बाहेर पडले की त्यांना बाहेरच पडायचे होते, याचा निवाडा करायला मी बसलेले नाही. पण १८९९ साली काराकोरममध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या एका शिखरावर ते पोहोचले, तेव्हा त्याला त्यांनी 'सीगफ्रीडहॉर्न' हे नाव दिले. हे ज्या पानावर वाचले तेथे मी बराच वेळ थांबले होते.

त्या काळात दोन सारख्या चाकांची, हवा भरलेल्या टायरची सायकल नवीनच प्रचारात आली होती. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले, अशा जुन्या सायकलीवर लांब झग्यात बसणे बाईमाणसाला शक्यच नव्हते. नवीन सायकलीने ते शक्य केले. वर्कमन दाम्पत्याने तिचा फायदा घेतला तो असा : प्रथम आफ्रिकेच्या उत्तर टोकाचा अल्जीरिया (त्यावरील पुस्तक १८९५ साली निघाले), मग १८९५ साली स्पेन. स्पेनमध्ये त्यांनी सुमारे २,८०० मैल सायकल चालवली. प्रत्येकाजवळ वीस पौंड सामान आणि रोजची सरासरी पंचेचाळीस मैलांची. आमच्या गावाहून महाविद्यालयापर्यंत अकरा किलोमीटर सायकल मारून मी तासाला येते तेव्हा पहिला तास डुलक्या देण्यात जातो. पंचेचाळीस मैल म्हणजे बहात्तर किलोमीटर! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच.

१८९७ च्या अखेरीस ते आशियात आले. सिलोन, जावा, ब्रह्मदेश आणि भारत असा हा प्रवास सुमारे अडीच वर्षे चालला. त्यांच्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. हे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले. भारतात ते शक्यतो रेल्वेच्या आसपासच्या मोठ्या रस्त्यांनी जात, म्हणजे खाण्यापिण्याची आणि मुक्कामाची सोय व्हावी. काहीच सोय झाली नाही तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपत. सामानात चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातले मांस, पाणी, उशी, एकेक पांघरूण, लिहिण्याचे साहित्य, औषधे आणि पंक्चर काढण्याची सामग्री. ही शेवटची वस्तू सर्वांत उपयोगी पडली असणार, कारण एकेका दिवशी चाळीसपर्यंत पंक्चर काढण्याची पाळी त्यांच्यावर आली. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांशी ज्याची गाठ पडली आहे त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

या पुस्तकात देवळांची वर्णने पुष्कळ आहेत. खांब, कमानी, शिल्पे यांत दोघांनाही खराखुरा रस होता. वाटेतल्या माणसांविषयी मात्र लेखणी आखडती होते. माणसे येतात ती बहुधा गर्दी म्हणून, अडचण म्हणून किंवा नोकर म्हणून. सायकलीच्या प्रवासात हे तितकेसे खटकत नाही, कारण तेथे दोघे आपले ओझे आपणच वाहत होते. पण १८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातल्या उष्म्याला कंटाळून ते पहाडात गेले, सायकली मागे ठेवल्या, चौदा ते अठरा हजार फुटांच्या खिंडी पायी ओलांडल्या आणि हिमालयाने त्यांना जे पकडले ते चौदा वर्षे सोडले नाही. १८९८ ते १९१२ या काळात ते आठ वेळा तेथे गेले. पायी हिमालय हिंडायचा तर ओझे दुसऱ्याच्या पाठीवर जाते. खरा विषय येथून सुरू होतो.

आधी त्यांच्या मोठेपणाचे सांगते, कारण ते खरे आहे. या नवरा-बायकोने मोहिमा चालवण्याची एक पद्धत ठरवली होती. एका वर्षी मोहिमेची सगळी आखणी, माणसे, शिधा, मार्ग हे ती पाहणार आणि तो छायाचित्रे व शास्त्रीय नोंदी सांभाळणार. पुढच्या वेळी कामांची अदलाबदल. पुस्तकांवर दोघांची नावे. आजही आपल्याकडे लग्नपत्रिकेपलीकडे दोघांची नावे एकत्र छापून येण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्या मानाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ही व्यवस्था मला फार पुढची वाटते. बरे, हा नुसता देखावा नव्हता. १९०५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे फॅनीने व्याख्यान दिले. इझाबेला बर्ड हिच्यानंतर तेथे बोलणारी ती दुसरीच स्त्री. पॅरिसच्या सॉरबोन विद्यापीठात व्याख्यान देणारी पहिली अमेरिकन स्त्रीही तीच.

१९०६ साली ही मंडळी नुन-कुन या पर्वतसमूहात गेली. हा भाग आज लडाखमध्ये, सुरू नदीच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. सतरा हजार फुटांच्या वर त्यांनी चार तळ टाकले. सर्वांत वरचा सुमारे २१,३०० फुटांवर होता आणि त्याला 'कॅम्प अमेरिका' म्हणत. तेथून फॅनी पिनॅकल पीकवर चढली, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. त्या शिखराची उंची तिने २३,३०० फूट धरली होती. नंतरच्या मोजणीत ती ६,९३० मीटर, म्हणजे सुमारे २२,७३५ फूट ठरली. तरीही तो स्त्रियांमधला उंचीचा विक्रम होता आणि १९३४ पर्यंत अबाधित राहिला. तो मोडला हेटी डायरेनफुर्थ या बाईने, आणि तीही नवऱ्याबरोबरच्या मोहिमेत!

या विक्रमापायी फॅनीने जे केले ते वाचून मात्र हसू येते आणि थोडी भीतीही वाटते. १९०८ साली ॲनी पेक नावाच्या दुसऱ्या अमेरिकन स्त्रीने दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात वास्करान पर्वताचे उत्तर शिखर सर केले आणि ते तेवीस-चोवीस हजार फुटांचे असावे असा अंदाज सांगितला. ॲनी पेक शिक्षिका होती, पैशाने गरीब. फॅनीने स्वतः पेरूत न जाता फ्रेंच मोजणीदारांचे एक पथक तेथे पाठवले आणि त्रिकोणमितीने पर्वत मोजून घेतला. उंची भरली २१,८१२ फूट. विक्रम फॅनीकडेच राहिला. ॲनी पेकची चढाई सुमारे तीन हजार डॉलरमध्ये झाली होती. ती खोटी ठरवण्यासाठी फॅनीने तेरा हजार डॉलर खर्च केले. आकडा खरा निघाला हे मान्य. पण गरीब प्रतिस्पर्ध्याचे माप काढायला श्रीमंताने मोजणीदार पाठवावा, ही गोष्ट आमच्या गावच्या बांधाच्या भांडणांतही मी पाहिलेली आहे.

आता ओझ्याकडे येते.

१९०२ साली हे दोघे बाल्टिस्तानातील चोगो लुंगमा हिमनदीवर गेले. हा प्रदेश आज पाकिस्तानच्या ताब्यात आहे. हिमनदी सुमारे तीस मैल लांब, पायथ्याचे शेवटचे गाव अरंदू. त्यांनी ऐंशी हमाल घेतले आणि सामान होते चार टन. त्या मोसमात बर्फ सतत पडत राहिले; एक वादळ तर साठ तास चालले. पुस्तकांत अशा वादळांची वर्णने चांगली आहेत. तंबू कसे फडफडत होते, तापमान किती उतरले, झोप कशी लागली नाही, सर्व काही आहे.

माझे वडील तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाली करतात. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी काय वाचते याची अण्णांना फार उत्सुकता असते. एके रात्री जेवताना मी त्यांना ही गोष्ट सांगत होते. ऐंशी माणसे, चार टन, एवढे ऐकले आणि मी भागाकार करायच्या आत ते म्हणाले, "माणशी पन्नास किलो. म्हंजे आमचं पोतंच झालं की."

मी गप्प झाले. पुस्तकातला आकडा मी तीनदा वाचला होता आणि मला तो भागावासा वाटला नव्हता.

मग अण्णांनी विचारायला सुरुवात केली. "आम्ही पोतं उचलतो ते ट्रकापासून फळीपर्यंत. पाचपन्नास पावलं. हे किती चालायचे?" मी म्हटले, दिवसभर. "चढ?" होय, चढ. बर्फाचा. "पायात काय होतं त्यांच्या?" बाईसाहेबांच्या पायात खिळे मारलेले बूट होते, हे मला पाठ होते. तिचा झगा किती लांब होता हेसुद्धा ठाऊक होते. हमालांच्या पायांपाशी मी अडले. अण्णांनी पुढचा प्रश्न विचारला : "अन् माघारी रिकामं यायचे, त्याची मजुरी?"

सगळे सामान एकाच खेपेत नेले असे धरले तरच हा माणशी पन्नास किलोचा हिशेब बसतो, हे मला कळते. खेपा अधिक केल्या असतील तर ओझे हलके आणि चाल दुप्पट. अण्णांचे म्हणणे असे की दोन्हीत फारसा फरक नाही.

त्यानंतर मी पुस्तके पुन्हा चाळली, पण आता वेगळ्या नजरेने. वर्कमन दाम्पत्याच्या लिखाणात हमालांवर पुष्कळ मजकूर आहे आणि तो जवळजवळ सगळा तक्रारींचा आहे. ते आळशी आहेत, ते अधिक पैसे मागतात, ते अमुक उंचीपुढे यायला नकार देतात, ते रात्रीतून पळून जातात. पहिल्याच मोहिमेत, १८९८ साली सिक्कीमच्या बाजूला, ऑक्टोबर महिन्यात पंचेचाळीस हमाल घेऊन ते निघाले. थंडी तोंडावर आलेली. दिवसाला पाच मैल चालावे असे यांचे म्हणणे, आणि हमाल तयार होईनात. थोड्याच दिवसांत सगळ्यांना दार्जिलिंगला परतावे लागले. पुस्तकात हा प्रसंग हमालांच्या नालायकीचा म्हणून येतो. पण मला वाटते, ऑक्टोबरात त्या डोंगरात काय होते हे ठाऊक असणारी माणसे तेथे पंचेचाळीसच होती.

यात दुसरीही एक गोष्ट आहे. काश्मीर संस्थानात त्या काळी बेगारीची पद्धत होती. साहेब लोकांना माणसे हवी असली की गावच्या मुखियाला सांगून ती काढली जात. आणि त्या उंच खोऱ्यांत शेतीचा हंगाम उन्हाळ्याचे चार महिने, मोहिमांचा हंगामही तोच. म्हणजे जो हमाल रात्रीतून पळाला तो बर्फाला भिऊनच पळाला असेल असे नाही. घरी त्याचे जव कापायला आलेले असतील. पुस्तक लिहिणाऱ्या दोघांना हे सुचले नाही. ती दोघे हुशार होती, निरीक्षण करणारी होती, वातावरणाचा दाब आणि उकळणाऱ्या पाण्याचे तापमान यांची नोंद ठेवणारी होती. तरीही सुचले नाही.

मी एकटीच असे म्हणते आहे असे नव्हे. हिमालयाच्या संशोधनाचा इतिहास लिहिणाऱ्या केनेथ मेसन या इंग्रज भूमापकानेही वर्कमन दाम्पत्यावर हाच ठपका ठेवला आहे : घाई फार, आणि हमालांचे मन समजून घेण्याची तयारी नाही. त्यांच्या काही नकाशांत चुका होत्या हेही नंतरच्या भूमापकांनी दाखवून दिले.

या मुद्द्यावर आमच्या मैत्रिणींत वाद झाला. एकीचे म्हणणे, त्या काळचे सगळेच गोरे प्रवासी असे लिहीत, मग एका बाईलाच का धरायचे? इतकी वर्षे पुरुषांच्या मोहिमा वाचताना हमाल कोणाला आठवले नाहीत आणि बाई पुढे आली की लगेच आठवतात! हा आक्षेप मला अगदीच खोटा वाटत नाही. मी तरी फॅनीला सोडू शकत नाही. ती मला हवी आहे. सहलीला एक रात्र जाण्यासाठी जिला तीन दिवस घरात बोलावे लागते, तिला पिनॅकल पीकवरची सत्तेचाळीस वर्षांची बाई लागतेच. पण तिची पुस्तके वाचताना दर दहा पानांनी अण्णा समोर येतात. ते तिच्या दोरीला बांधलेले नसतात. मागून ओझे घेऊन येत असतात.

सियाचेनची हकीगत या दोन्ही दृष्टींनी पाहण्यासारखी आहे. ही हिमनदी किती लांब आहे हे १९०९ साली लाँगस्टाफ या प्रवाशाच्या शोधामुळे प्रथम ध्यानात आले. वर्कमन दाम्पत्य १९११ आणि १९१२ या दोन उन्हाळ्यांत त्या भागात गेले. १९१२ मध्ये प्रमुख फॅनी. सियाचेन या बाल्टी नावाचा अर्थ रानगुलाबांची जागा असा सांगतात, म्हणून त्यांनी तिला 'रोझ' हिमनदीही म्हटले आहे. दोन महिने पंधरा हजार फुटांच्या वर राहून त्यांनी हा प्रदेश पालथा घातला. मोजणीसाठी ग्रँट पीटरकिन हा इंग्रज आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा भूमापक सरजन सिंग हे दोघे बरोबर होते. नकाशा त्या दोघांचा, आणि तो चांगला उतरला. सरजन सिंगाचे नाव पुस्तकात सापडले तेव्हा मला उगीचच बरे वाटले. नाव नोंदले जाण्यासाठी हातात मोजणीचे यंत्र असावे लागते, असे तेव्हा मनात आले.

याच मोहिमेत एक मृत्यू झाला. चेनोझ नावाचा इटालियन हमाल फॅनीच्या जवळच चालत असताना बर्फाने झाकलेल्या खोल भेगेत पडला. त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही. फॅनी स्वतः थोडक्यात बचावली. तिने मोहीम पुढे चालू ठेवली. नंतर सुमारे एकवीस हजार फुटांवर एका बर्फाच्या पठारावर तिचे ते प्रसिद्ध छायाचित्र घेतले गेले : अंगात झगा, डोक्यावर टोपी आणि हातात उघडून धरलेले वर्तमानपत्र. त्यावर मोठ्या अक्षरांत मथळा, 'स्त्रियांना मताधिकार'. ते त्याच नावाचे इंग्लंडातील स्त्रियांच्या चळवळीचे पत्र होते. (गंमत अशी की जिचे माप काढायला हिने मोजणीदार पाठवले होते, त्या ॲनी पेकने आदल्याच वर्षी पेरूमधील कोरोपुना पर्वतावर याच घोषणेचे निशाण लावले होते. दोघींचे पटले असते तर!) अमेरिकेत स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० साली. म्हणजे ते छायाचित्र निघाले तेव्हा फॅनीला मोहिमेची प्रमुख होता येत होते, पण देशाच्या निवडणुकीत सर्व स्त्रियांना मत नव्हते.

त्या छायाचित्राकडे मी पुष्कळदा पाहते. वर्तमानपत्र एकवीस हजार फुटांवर आपोआप गेले नसणार. तंबू, चूल, धान्य यांच्याबरोबर तेही कोणाच्या तरी पाठीवरून काही वाट चढले असेल. मताधिकाराचा तो मथळा ज्याने वाहून नेला त्याला मत नव्हते, हे उघडच आहे. ते मागण्यासाठी त्याच्या नावाचे वर्तमानपत्रही नव्हते.

सियाचेनच्या उत्तर टोकाच्या खिंडीला लक्ष्मीचे नाव देऊन ही मंडळी परतली. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्यांच्या मोहिमा संपल्या. या शेवटच्या प्रवासाचे पुस्तक १९१७ साली निघाले. ज्या बर्फात दोन उन्हाळे काढून ते परत गेले, तेथे १३ एप्रिल १९८४ पासून भारतीय जवान बारा महिने राहत आहेत. इंदिरा कोल हे नाव वर्तमानपत्रांत येते ते त्यांच्या संदर्भात.

फॅनी १९२५ साली फ्रान्समधील कान या गावी वारली. मृत्युपत्रात तिने रॅडक्लिफ, वेलस्ली, स्मिथ आणि ब्रिन मॉर या अमेरिकेतील चार महिला महाविद्यालयांना मिळून सव्वा लाख डॉलर ठेवले. त्या पैशावर किती मुली शिकल्या असतील! डॉक्टर वर्कमन १९३७ पर्यंत होते. वुस्टरच्या दफनभूमीत दोघांचे स्मारक आहे आणि त्यावर हिमालयाचे आद्य संशोधक अशा अर्थाचे शब्द कोरले आहेत. मुलगी रेचेल भूशास्त्रज्ञ झाली. लहानपणी तिला मागे ठेवून आईबाप डोंगरांत गेले, आणि तिने अभ्यास केला तो दगडांचा.

लेख येथे संपवणार होते. पण लिहिता लिहिता, चोगो लुंगमाच्या पायथ्याचे ते अरंदू गाव आज कोठे येते हे पाहावे म्हणून नकाशा काढला. ते शिगर जिल्ह्यात आहे. या जिल्ह्यातली माणसे आजही काराकोरमच्या मोहिमांबरोबर ओझी घेऊन जातात. २७ जुलै २०२३ रोजी के-टू शिखराच्या वरच्या अरुंद चढावर याच शिगर भागातला एक हमाल पडला. त्याला वाचवण्याचा थोडाफार प्रयत्न झाला. पण त्याच वाटेने, त्याला ओलांडून, अनेक गिर्यारोहक शिखराकडे गेले आणि त्या दिवशी शिखरावर पोहोचलेही. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. तो तेथेच मरण पावला. घरी बायको आणि तीन मुले होती.

ही बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "नाव दिलंय का त्याचं?"

दिले होते.